चावडीवर न लागलेली नोटीस

(दृश्य : पहाट. धुक्यातून येणारी बैलबंडी, वर दाबून भरलेला कापूस. घुंगरांचा आवाज पाच सेकंद तसाच राहू द्यायचा.)

यवतमाळ जिल्हा. पहाटे पाचला गाव सोडलेली ही बंडी नऊच्या सुमारास खरेदी केंद्राच्या रांगेला लागेल. पुढे ट्रॅक्टर, त्यापुढे मालवाहू गाड्या. बंड्या आता थोड्याच उरल्यात, पण कॅमेऱ्याला त्याच आवडतात.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो पूर्ण मिळतो ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर. त्याच्या वर गेला की टक्क्यामागे भाव कापला जातो. १२ च्या वर गेला की माल परत.

(क्लोजअप : ओलावा मोजायचं यंत्र. टोक कापसात शिरतं. आकडा हलतो, थांबतो.)

हे ते मीटर. इथं टोचलं की एक आकडा, वीतभर खाली टोचलं की दुसरा. वरचा कापूस उन्हानं वाळलेला, तळाचा दडपून दमट. रांगेतल्या प्रत्येक कास्तकाराला हे ठाऊक आहे, मोजणाऱ्यालाही आहे. प्रश्न एवढाच, की पावतीवर कुठला आकडा लिहायचा.

या तरुणानं दोन्ही आकडे मोबाइलवर टिपले. एकच बंडी, एकच मीटर, एकदा ९ आणि एकदा १३. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात शिवी नाही, कुणाचं नाव नाही, मागं गाणंसुद्धा नाही. तालुकाभर फिरला. चौथ्या दिवशी त्या जागी एक करडा चौकोन आला आणि त्यात एक ओळ : कायदेशीर मागणीवरून हा मजकूर भारतात उपलब्ध नाही.

(बाईट : तरुण, वावरात उभा. मागे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं.)
"म्या कोनाले शिवी नाई देल्ली. मीटर दाखोलं फक्त. काढा ना, पन कोनं काढलं, कायले काढलं, हे तं सांगा बाप्पा."

(दृश्य : चावडी. फळ्यावर एकावर एक चिकटवलेले कागद, कोपरे उडताहेत.)

आता ही चावडी बघा. तलाठ्याला कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव तलाठीच म्हणतं. फळ्यावर हा जो कागद फडफडतोय, ती फेरफाराची नोटीस. बाप गेला, वारसांची नावं सातबाऱ्यावर चढवायची आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५० सांगतं, की नोंदीची प्रत चावडीत लावा आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवा. नमुना ९ ची नोटीस घरी जाते. हरकतीला पंधरा दिवस. कुणी हरकत घेतलीच तर ती ६-अ च्या नोंदवहीत चढते, मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतो, मगच नोंद मंजूर किंवा नामंजूर.

या यंत्रणेवर गावात विनोद कमी नाहीत. चिरीमिरीचे आहेत, वर्षानुवर्षं चालणाऱ्या तारखांचे आहेत. पण दीड एकराच्या तुकड्यावरचं नाव बदलायचं तरी सरकारनं आधी संबंधितांना कळवावं लागतं. आदेशाखाली सही असते, पद असतं, तारीख असते. त्याच्यावर अपील करता येतं.

(दृश्य : रेखाचित्र. दिल्लीतल्या बैठकीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही, म्हणून टेबल आणि खुर्च्या काढून दाखवल्या आहेत.)

आता त्या करड्या चौकोनामागची वाट. ती दोन दारांनी जाते.

पहिलं दार माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ. कायदा २००० चा, हे कलम २००८ च्या दुरुस्तीनं आलं, त्याचे नियम २००९ चे. मजकूर रोखायची कारणं मोजकी : देशाची सार्वभौमता आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. कापसाचा ओलावा यात कुठं बसतो ते आम्हाला तरी सापडलं नाही.

राज्याची मागणी मुख्य सचिवांच्या मंजुरीनं केंद्राकडे जायची. तिथं समिती : संयुक्त सचिव दर्जाचा अधिकारी अध्यक्ष, सोबत विधी, गृह, माहिती-प्रसारण या मंत्रालयांचे आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचे प्रतिनिधी. नियम ८ म्हणतो, मजकूर टाकणाऱ्या व्यक्तीला 'किंवा' मध्यस्थ कंपनीला, म्हणजे मजकूर जिच्या ॲपवर आहे तिला, नोटीस द्या आणि उत्तराला किमान ४८ तास द्या.

(पडद्यावर एकच शब्द मोठा : किंवा)

हा शब्द पडद्यावर नीट राहू द्या. कंपनीला कळवलं की नियम पाळला गेला. वावरात उभ्या माणसाला कळवलं नाही तरी पाळला गेला. शिवाय नियम ९ नुसार तातडीचं कारण देऊन आधी रोखता येतं आणि समितीपुढं नंतर नेता येतं. वर नियम १६ : मागणी, तक्रार, कारवाई, सगळं गोपनीय. २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं ६६-अ हे कलम रद्द केलं, पण ६९-अ टिकवलं. कारण यात आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं. पण जो कागद हातातच पडत नाही, त्याला आव्हान द्यायचं कसं? नेमक्या या नियमांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये केंद्राकडून उत्तर मागवलं.

(दृश्य : दिल्लीच्या वेशीवरचे ट्रॅक्टर, गावातल्या मोबाइलवर पाहिलेले.)

कास्तकारांना हे दार नवं नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला आंदोलन भरात असताना किसान एकता मोर्चासह सुमारे अडीचशे खाती आणि ट्विट भारतात दिसेनाशी झाली. त्याच दिवशी परत आली. मग सरकारनं १,१७८ खात्यांची नवी यादी दिली. पुढे रोखण्याच्या काही आदेशांविरुद्ध ट्विटर कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२३ ला याचिका फेटाळली गेली, वर ५० लाखांचा दंड बसला.

दुसरं दार त्याच कायद्याच्या कलम ७९ चं. सरकारनं बेकायदा मजकूर दाखवून दिल्यावरही कंपनीनं तो हटवला नाही, तर लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला असलेलं कायदेशीर संरक्षण जातं. २०२१ च्या नियमांत त्यासाठी ३६ तास दिले होते. ऑक्टोबर २०२४ पासून गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं 'सहयोग' नावाचं पोर्टल आहे. मागण्या तिथून थेट कंपनीकडे जातात. इथं ती मोजकी कारणं नाहीत, समितीची बैठक नाही. एक्सनं, म्हणजे आधीच्या ट्विटरनं, याला आव्हान दिलं, कर्नाटक उच्च न्यायालयानं २४ सप्टेंबर २०२५ ला ते फेटाळलं. १५ नोव्हेंबर २०२५ पासून एवढं झालं, की अशी सूचना संयुक्त सचिव (ते पद नसेल तिथं संचालक) किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी देऊ शकत नाही आणि तिच्यात कारण लिहावं लागतं. कारण लिहून द्यायचं ते कंपनीला. व्हिडिओ टाकणाऱ्याचा उल्लेख नाही.

(दृश्य : अमरावती, बंद शटर, रिकामा चौक.)

दुसरी बाजूही आहे, ती नाकारत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरली होती. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरता आणला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली तेव्हा इंटरनेट बंद झालं. असा मजकूर लगेच उतरलाच पाहिजे. त्यासाठी मीटरच्या व्हिडिओची वाट गुपचूप का, हे मात्र कुणी सांगत नाही.

(दृश्य : नागपूर, उच्च न्यायालयाची इमारत. पायऱ्यांवर काळे कोट.)

ही इमारत या भागाला जवळची. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचं प्रकरण इथंच आलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या एकानं एका महिलेला शिवीगाळ केली आणि गुन्हा ॲडमिनवरही दाखल झाला. मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं तो रद्द केला : सदस्यानं काय टाकलं याची जबाबदारी केवळ ॲडमिन म्हणून कुणावर येत नाही. आणि सरकारविषयीचा कुठला मजकूर खोटा हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं, असा २०२३ चा नियम होता. त्यावर मुंबईत दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. तिसरं, निर्णायक मत होतं न्यायमूर्ती अतुल चांदूरकरांचं. त्यांची वकिली नागपूरची. २० सप्टेंबर २०२४ ला ते नियमाविरुद्ध गेलं आणि मग नियम रद्द झाला.

(दृश्य : तरुण फोनच्या पडद्यावर बोट सरकवतोय. आवाज नाही.)

यानं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिलं. पोच आली, मग दोन ओळींचं इंग्रजी उत्तर. अपील समितीकडे जायला तीस दिवस होते, ते वेचणीत गेले. त्यानंतर त्यानं एकही व्हिडिओ टाकलेला नाही.

(दृश्य : त्याची आई ओसरीवर, कापसातली कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी करताना. इथं निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

(दृश्य : खरेदी केंद्र. मीटर पुन्हा कापसात.)

आज आकडा ११. तीन टक्क्यांची कपात. रांगेतला मागचा माणूस याला फोन काढायची खूण करतो.

(दृश्य : तरुणाचा हात खिशावर. पावती घेतो. बंडी वळते.)