वेत एक, वजने वेगळी

मित्रहो, गेल्या पावसाळ्यात मंगळवार पेठेतले दोन सख्खे भाऊ माझ्या दवाखान्यात आले. दोघांच्या हातात एकेक पॉमेरेनियन होता. दोन्ही एकाच वेतातले, दोन्ही नर, वय एक वर्ष दोन महिने. काट्यावर ठेवल्यावर थोरल्याच्या कुत्र्याचे वजन २ किलो ६०० ग्रॅम भरले आणि धाकट्याच्या कुत्र्याचे ४ किलो १०० ग्रॅम. धाकट्याने लगेच विचारले, "डॉक्टरसाहेब, आम्हाला फसवलं म्हणायचं काय?" थोरल्याला नेमकी उलटी काळजी होती, की आपल्या पिल्लाची वाढ खुंटली असावी. त्या दोघांच्या प्रश्नाचे उत्तर आज मला सविस्तर द्यायचे आहे, कारण तोच प्रश्न कोल्हापुरातल्या अनेक घरांत विचारला जातो.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो. जातीचे नाव ही वजनाची हमी नसते. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात पॉमेरेनियनचे वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो दिले आहे. या दोन टोकांचे कुत्रे शेजारी उभे केले तर एक दुसऱ्याच्या दुपटीहून जड निघेल आणि तरीही दोघे मानकातच बसतील. जर्मन परंपरेत तर स्पिट्झ हे एकच मोठे कुटुंब मानतात आणि उंचीवरून त्याचे गट पाडतात. त्यातल्या सर्वांत लहान गटाला, म्हणजे पॉमेरेनियनला, १८ ते २४ सेंटिमीटर उंची चालते आणि त्याच्या वरचा गट २४ ते ३० सेंटिमीटरचा असतो. या गटांमधल्या भिंती माणसाने मोजपट्टी लावून उभ्या केल्या आहेत. रक्ताला त्या ठाऊक नाहीत.

इतिहासही हेच सांगतो. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा जो पॉमेरेनियन आणला, त्याचे वजन सुमारे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास होते, आणि त्या काळी तो लहानच गणला जाई. म्हणजे आजचा दोन किलोचा पॉमेरेनियन ही गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली निवड आहे. पिढ्यान्‌पिढ्या लहानात लहान कुत्री जोडीला लावली तरी मोठ्या पूर्वजांचा वारसा पुरता पुसला जात नाही, तो मधूनच एखाद्या पिल्लात वर येतो. आपल्याकडे यात आणखी एक भर पडली आहे. इथे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो, अंगाने थोराड, उष्ण हवा सोसणारा, फार गुणी कुत्रा. या दोघांचे रक्त आपल्या शहरांत इतके मिसळले आहे, की कागद नसलेल्या जोडीची पिल्ले किती मोठी होतील हे सांगणे कोणालाही अवघड जावे.

आता आनुवंशिकतेकडे वळू. माणसाच्या उंचीमागे हजारो जनुकीय फरक असतात. २०२२ साली पन्नास लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून असे सुमारे बारा हजार फरक नोंदले गेले. कुत्र्यांचे गणित वेगळे आहे. तिथे मोजक्याच जनुकांचा प्रभाव फार मोठा असतो. २००७ साली १४३ जातींच्या तीन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासातून आयजीएफ-वन या वाढीशी संबंधित जनुकाचे एक रूप पुढे आले, जे बहुतेक लहान जातींत आढळते आणि अवाढव्य जातींत जवळजवळ नसते. पुढे २०२२ साली याच जनुकाच्या शेजारचा असाच एक फरक ५४ हजार वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या लांडग्यात सापडला. माणसाने कुत्रा पाळण्याच्या कितीतरी आधीपासून लहानपणाचे बीज लांडग्याच्या अंगात होते, हे मला आजही विलक्षण वाटते.

पण इथे एक चूक टाळली पाहिजे. हे जनुक पॉमेरेनियन आणि ग्रेट डेन यांच्यातला फरक समजावते, दोन पॉमेरेनियन भावांमधला नव्हे. कारण लहान जातींतल्या बहुतेक कुत्र्यांत त्याचे लहान रूप आधीच पक्के झालेले असते. भावाभावांतला फरक येतो तो उरलेल्या, कमी ताकदीच्या जनुकांच्या वाटणीतून. एकाच तालमीत घुमणाऱ्या, एकाच घरचा खुराक खाणाऱ्या दोन भावांपैकी एक थोराड निघतो आणि दुसरा किरकोळ राहतो, हे आपण पाहतोच. कुत्री पैदा करणाऱ्यांची एक रीतही हा फरक वाढवते. फार लहान मादी विताना अडते, पिल्लाचे डोके मोठे असेल तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, म्हणून जाणकार लोक अंगाने थोडी भरलेली मादी आणि लहान नर अशी जोडी लावतात. ही रीत योग्यच आहे. पण मग त्या वेतात आईच्या अंगाची आणि बापाच्या अंगाची, दोन्ही प्रकारची पिल्ले आली तर त्यात नवल नाही.

त्यानंतर गर्भाशयाचा वाटा. प्रत्येक पिल्लाला आईकडून पोषण पोचवणारी स्वतंत्र वार असते आणि प्रत्येक वारेला रक्ताचा पुरवठा सारखा मिळत नाही, त्यामुळे जन्मतःच एखादे पिल्लू मागे असते. नुकतेच झालेले वेत मी पाहायला जातो तेव्हा घरच्या बाईंकडून रंगीत लोकर मागून घेतो, प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात एकेका रंगाचा सैल धागा बांधतो आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर फडके पसरून एकेकाला तोलतो. मुठीत मावणारे, बंद डोळ्यांचे ते पिल्लू काट्यावरही आईचे आचळ शोधत नाक फिरवत असते. लाल धाग्याचे १४० ग्रॅम, हिरव्या धाग्याचे ९५, अशी नोंद होते. आठ-दहा दिवसांत जन्माचे वजन दुप्पट व्हायला हवे. हिरव्या धाग्याला आईजवळ जागा करून दिली, चीक वेळेवर मिळाला, तर ते पुष्कळदा बरोबरीला येते. काही मात्र कायमची लहान चणीचीच राहतात, आणि निरोगी राहतात.

क्वचित एका वेताचे बाप दोन असतात. नराचे शुक्राणू मादीच्या अंगात पाच-सहा दिवस टिकू शकतात, त्यामुळे माजाच्या दिवसांत गच्चीवरून उतरून आलेला दुसरा नर त्याच वेतात आपली पिल्ले ठेवून जाऊ शकतो.

राहिला आहार. पोटभर योग्य खाणे मिळाले तर पिल्लू आपल्या आनुवंशिक मर्यादेपर्यंत वाढते, त्यापलीकडे नाही. जास्त घातले तर हाड वाढत नाही, चरबी वाढते. उलट जंत मात्र वाढ खरोखर खुंटवतात. गोल जंतांच्या अळ्या आईकडून पिल्लात जन्माआधीच जातात, म्हणून जंताचे पहिले औषध दोन आठवड्यांच्या वयातच द्यावे लागते. संप्रेरकांची कमतरता किंवा यकृताकडे जाणारे रक्त भलत्या वाटेने वळणे अशी कारणेही असतात. पण ती पिल्ले नुसती लहान नसतात, ती मलूल, निस्तेज केसांची, खाल्ल्यावर गुंगणारी असतात.

"कमी खायला घाला, म्हणजे लहान राहतंय," हा सल्ला विकणाऱ्यांकडून ऐकून लोक माझ्याकडे अर्धमेली पिल्ले घेऊन येतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फारच थोडा असतो. काही तासांच्या उपासाने ते लटपटते, झटके येतात, दगावतेही. 'टीकप', म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढा कुत्रा, अशी कोणतीही मान्य जात नाही. त्या नावाखाली बरेचदा वेतातले सर्वांत अशक्त किंवा आईपासून लवकर तोडलेले पिल्लू दुप्पट भावाने विकले जाते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, हे प्रत्येक घेणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

मंगळवार पेठेतल्या त्या दोन भावांच्या कुत्र्यांच्या बरगड्यांवरून मी हात फिरवला. दोघांच्याही बरगड्या बोटांना सहज लागत होत्या, दोघांचीही कंबर आत वळलेली होती, केस चकचकीत होते. म्हणजे मोठा लठ्ठ नव्हता आणि लहान उपाशी नव्हता. मग मी त्यांना आईबापाचे वजन विचारून यायला सांगितले. आठवड्याने धाकटा एकटाच आला. आई ३ किलो ९००, बाप २ किलो ४००, आणि आईची आई इंडियन स्पिट्झ.