टाचेखालचा हात

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "डॉक्टर, हातपाय लुळे पडलेत पण एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे पेशंट नाटक करतोय, असंच ना?" आजचं माझं बोलणं काकांना दिलेलं उत्तर समजा.

लकव्यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. फंक्शनल आजारात मेंदूला अशी इजा नसते, पण हातापायांवरचा त्याचा ताबा सुटतो. पेटी शाबूत, सूर लागत नाही, असं काहीसं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: एक बाजू लुळी, जीभ अडखळते. या दुसऱ्याला पूर्वी हिस्टेरिया म्हणत. आपल्याकडे लिंबू उतरवून टाकत.

आता स्कॅन. गुठळीच्या लकव्यात पहिल्या काही तासांत सीटी अगदी स्वच्छ येऊ शकतो. तो आम्ही मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला काढतो. मेंदूच्या देठातला छोटा झटका सुरुवातीला एमआरआयमध्येही निसटू शकतो. उलट, साठीतल्या माणसाच्या स्कॅनवर जुना डाग दिसला म्हणून आजचा लुळेपणा त्याचाच, असंही नाही. तेव्हा काका, नॉर्मल एमआरआय म्हणजे फंक्शनल नव्हे, आणि फंक्शनल म्हणजे नाटक तर नव्हेच.

मग ओळखायचं कसं? 1908 मध्ये चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी एक खूण लिहून ठेवली. तिला काही खर्च नाही. पेशंटला झोपवायचं, लुळ्या पायाच्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा. "टाच खाली दाबा" म्हटलं, तर काहीच जोर लागत नाही. मग चांगला पाय उचलायला सांगायचा आणि तो वरून दाबून धरायचा. आपण एक पाय उचलतो तेव्हा दुसरा आपोआप खाली रेटला जातो, तुम्ही घरी गादीवर करून बघा. फंक्शनल असेल तर त्या ‘लुळ्या’ टाचेचा रेटा एकदम हाताला जाणवतो. लकव्यात तो येत नाही, कारण मेंदूकडून पायाकडे येणारी वाटच तुटलेली असते.

हातांचंही तसंच. तळवे आभाळाकडे करून हात पुढे धरायला लावले, की लकव्यातला हात खाली येता येता आत वळतो. फंक्शनल हात बरेचदा न वळता खाली येतो. चालताना लकव्याचा पाय अर्धवर्तुळ काढतो, फंक्शनल पाय पोत्यासारखा मागून ओढला जातो. यातल्या एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, हेही विसरायचं नाही.

आणि काय धरायचं नाही? "सकाळी सुनेशी वाजलं होतं", "बाई तरुण आहे", "इतकं होऊन हसतेय". भांडणानंतर खरा लकवाही येतो! चेहऱ्यावरच्या बेफिकिरीला आमच्या पुस्तकांत एक देखणं फ्रेंच नाव होतं. निदानाला तिचा उपयोग शून्य. उगाच पाठ केलं.

निदान चुकलं तर, ही भीती रास्त आहे. 2005 साली जुने अभ्यास एकत्र तपासले गेले. 1950च्या दशकात फंक्शनलचं निदान पुढे 29 टक्के पेशंटांत चुकीचं ठरत होतं, 1970 नंतर ते 4 टक्क्यांच्या आसपास आलं. पण हे सगळं तपासणीच्या खोलीतलं. घरी टाचा तपासत बसू नका. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडं बोलू लागले, की 108 ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ माणूस शेवटचा धड दिसला तिथून चालू होतं.

निदान पक्कं झालं की मी ती खूण पेशंटलाच दाखवतो. एका ताईंच्या टाचेखाली मी त्यांच्या नवऱ्याचा हात ठेवला. दुसरा पाय उचलायला सांगितल्यावर ते दचकून म्हणाले, "अगं, दाबतेयस की!" ताई रडायला लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझा पाय आहे अजून." दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपी सुरू केली.