वेण्यांची जाड टोपी: वीण सोपी, हिशेब नीट करा

(टोपी हातात, कॅमेऱ्याजवळ)

नमस्कार. जानेवारीत सकाळी सातला लष्कर भागातून मुरारकडे स्कूटरवर निघणाऱ्याला विचारा, ग्वाल्हेरची थंडी कुठे लागते. पारा पाचच्या खाली, समोर धुकं, आणि वारा थेट कानात. बाजारातल्या पातळ टोपीला तो वारा मोजतसुद्धा नाही. म्हणून आज ही जाड लोकरीची, वेण्या घातलेली टोपी.

वेण्या बघून बऱ्याच जणी म्हणतात, "बाई गं, हे आपल्याला जमायचं नाही." मला वाटतं, सुलट आणि उलट टाका येणाऱ्या कुणालाही वेणी जमते. टोपी बिघडते ती मापात. तेव्हा आधी माप.

सुयांपासून सुरुवात करू. आपल्या घरात आईच्या, सासूबाईंच्या डब्यात सुया असतात ८, १०, ११, १२ नंबरच्या. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नमुन्यात नेमकं उलटं असतं, तिथली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची. नमुन्यात १० लिहिलंय म्हणून डब्यातली १० घेतलीत, तर टोपी बाहुलीला होईल. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर बघा. आपल्याला हव्यात ६ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्या ४ नंबरच्या, आणि खालच्या पट्टीसाठी ५ मिलिमीटरच्या, म्हणजे ६ नंबरच्या.

लोकर दीडशे ग्रॅम तरी हाताशी ठेवा, वेण्या लोकर खातात. महाराज बाड्याजवळ दुकानात "मोटी ऊन", म्हणजे जाड लोकर, मागितलीत की मिळेल. नाही मिळाली तर स्वेटरची साधी लोकर दोन-तीन पदरी धरून विणा. किती पदर, ते नमुन्याचा तुकडा सांगेल: ६ मिलिमीटरच्या सुयांवर २० टाके घाला, साधी वीण (एक ओळ सुलट, एक उलट) विणा आणि मोजपट्टी लावा. १० सेंटिमीटरला १४ टाके आले पाहिजेत. १६ आले तर एक पदर वाढवा किंवा जाड सुई घ्या. हा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही. तरी विणा.

आता मुख्य हिशेब. ८० टाके साध्या विणीत भरतात ५७ सेंटिमीटर. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५६. तुम्ही म्हणाल, मग टोपी सैल होईल! नाही होणार, कारण प्रत्येक वेणी कापड आत ओढते. त्याच ८० टाक्यांची वेण्यांची टोपी ४७-४८ च्या आसपास येते, आणि डोक्यावर ताणून घट्ट बसते. साध्या टोपीचे टाके मोजून त्यातच वेण्या घातल्या, की कपाळावर वळ उठलाच समजा.

तर ८२ टाके घाला. दोन कडेचे, शिलाईसाठी. उरले ८०, त्यांचे दहा-दहाचे आठ भाग. प्रत्येक भागात ६ टाके वेणीचे, ४ उलट. ते चार उलट टाके म्हणजे वेण्यांमधली पन्हळ. ती नसेल तर वेणी उठून दिसत नाही.

खालची पट्टी बारीक सुयांवर, १२ ओळी: २ सुलट, २ उलट, २ सुलट, ४ उलट, हेच आठ वेळा. दोन-दोनची नेहमीची पट्टी का नाही? कारण अशी घातली की पट्टीतल्या उभ्या रेघा वर थेट वेणीत शिरतात. (बोटाने दाखवत) ही बघा, कुठे जोड दिसतो का?

मग जाड सुया घ्या. सुलट बाजूने ६ सुलट, ४ उलट. मागच्या बाजूने टाके जसे दिसतील तसे विणायचे.

पट्टीनंतरच्या तिसऱ्या ओळीत पहिला पीळ. त्यासाठी वेगळी सुई मिळते, पण मी अंबाड्याचा आकडा वापरते. (आकडा दाखवत) सहापैकी पहिले तीन टाके न विणता आकड्यावर घ्या. आकडा पुढे, आपल्या बाजूला, लोंबू द्या. सुईवरचे पुढचे तीन सुलट विणा. पहिला टाका विणताना लोकर जरा ओढून घ्या, नाहीतर तिथे भोक राहतं आणि वारा तेवढ्यातूनच आत येतो. आता आकड्यावरचे तीन सुलट विणा. झाला पीळ! टाक्यांनी फक्त जागा बदलली. आकडा पुढे ठेवला की वेणी डावीकडे वळते, मागे ठेवला की उजवीकडे. आठही वेण्या एकाच दिशेला ठेवा, किंवा चार इकडे चार तिकडे.

पुढचे पीळ ११ व्या आणि १९ व्या ओळीत, म्हणजे दर आठ ओळींनी. ओळी मोजायला कागद नको. पिळाच्या मागे बोट घाला, एक फट लागेल. त्या फटीपासून वर आडवे धागे मोजा, तेवढ्या ओळी झाल्या. आणि एखादा पीळ उलट्या दिशेला गेला तर सगळं उसवू नका. तेवढे सहाच टाके खालपर्यंत सोडा, पुन्हा विणून वर आणा.

जाता जाता: अशा वेण्यांचे आयर्लंडच्या आरन बेटांवरचे स्वेटर प्रसिद्ध आहेत. प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी असायची, बुडालेला कोळी त्यावरून ओळखायचे, अशी गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, पण खरी नाही. त्या स्वेटरांची ही वीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडली. त्या मानाने ग्वाल्हेरचा मेळाही म्हातारा म्हणायचा, तो १९०५ पासून भरतोय.

२४ ओळी झाल्या की माथा. इथे टाके कमी करायचे ते आधी पन्हळीतून, म्हणजे वेणी अखेरपर्यंत शाबूत राहते. २५ व्या ओळीत चार उलटचे दोन करा. २७ व्या ओळीत दोनाचा एक, आणि याच ओळीत शेवटचा पीळ. २९ व्या ओळीत वेणीच्या सहा टाक्यांचे दोन-दोन एकत्र करून तीन. ३१ व्या ओळीत कडेचे सोडून सगळे दोन-दोन एकत्र. सुईवर १८ टाके उरतील. मागची एक ओळ विणा, लोकर लांब सोडून कापा, मोठ्या सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढा आणि घट्ट ओढा. त्याच धाग्याने कड शिवत खाली या. शिलाई पन्हळीच्या कडेला, वेणीच्या आडोशाला जाते, शोधावी लागते.

स्कूटरवाल्यांसाठी आत कानांच्या उंचीला फ्लॅनेलची पट्टी टाचा. वीण कितीही घट्ट असली तरी वाऱ्याला फट सापडते. ॲक्रिलिक लोकर असेल तर टोपीवर इस्त्री फिरवू नका, वेण्या चपट्या होतात आणि पुन्हा उठत नाहीत. धुतल्यावर पालथ्या पातेल्यावर वाळवा.

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी एक भाग कमी करा, ७२ टाके घाला. गोंडा हवाच असेल तर लावा. माझं मत विचाराल तर इतक्या वेण्यांवर गोंडा जरा जास्तच होतो, पण मुलं ऐकत नाहीत.