दप्तरातलं बाजरीचं पीठ

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली की साक्री, शहादा, धडगावकडच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मागच्या वर्षी साक्रीजवळच्या एका फाट्यावर अशीच एक गाडी भरत होती. गोधड्या, भांडी, कोंबड्यांचं डालगं, आणि त्यावर बसलेली नऊएक वर्षांची मुलगी, मांडीवर धाकटा भाऊ. पाठीला शाळेचं दप्तर होतं. पोरगी शिकतेय, म्हणून मला बरं वाटलं. जवळ गेलो, तर दप्तरात बाजरीचं पीठ भरलेलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी पोरले कोठे ठेवू भाऊ?"

त्या घरानं मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतले होते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. घरात पैसा आला, म्हणजे हिशोबानं गरिबी थोडी हटली. पण त्या मुलीची? फडावर शाळा सुटते, धाकट्याचा अंगणवाडीतला आहार सुटतो, लसीची तारीख हुकते. आईबाप फडात असताना खोपीत भावाला सांभाळते तीच. घराला चार पैसे मिळाले आणि लेकरू मात्र आणखी गरीब झालं.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या १९३ देशांनी शाश्वत विकासाची १७ ध्येयं मान्य केली. पहिलंच ध्येय गरिबीचं. त्यात लिहिलंय की २०३० पर्यंत पुरुष, स्त्रिया आणि सर्व वयोगटांतली मुलं, यांच्यातली गरिबी, तिच्या सगळ्या अंगांनी, निम्म्यावर आणायची. मुलांचं नाव वेगळं घेतलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि "सगळ्या अंगांनी" हे शब्दही. नीती आयोगसुद्धा गरिबी नुसत्या उत्पन्नावर मोजत नाही. पोषण, शाळा, पाणी, चूल असे १२ निकष लावतो. आयोगाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात सगळ्यात गरीब जिल्हा निघाला तो आपला नंदुरबार.

मोठ्या माणसाचं एक वर्ष वाया गेलं तर पुढच्या वर्षी भरून काढता येतं. दोन वर्षांच्या बाळाची उपासमार तशी भरून निघत नाही.

मग मुलं गावातच राहावीत. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. सोबत जाणाऱ्या मुलांसाठी, तिकडच्या शाळेत दाखवून बसता यावं म्हणून, शिक्षण हमी कार्ड आहे, ते गाडी निघायच्या आधी हातात पडलं पाहिजे. पण आपल्याकडे अशा मुलांची यादी होते ती गाव रिकामं झाल्यावर! श्रावणात कानबाईच्या सणाला सगळं गाव घरी असतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, अंगणवाडीताईंनो, त्याच आठवड्यात घरोघर जा. कुठल्या घरचा कोयता जाणार आणि त्या घरात लेकरं किती, लिहून घ्या.