उंदीरमामी, प्रोजेस्टेरॉन आणि सहाचा आकडा

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय ‘मेंदूला जबर मार : नवे उपचार’ असा छापलाय. हे नाव मी दिलेलं नाही, पण फोनवर ‘चालेल’ म्हणालो होतो, तेव्हा आता तक्रारीला जागा नाही. नवे उपचार सांगतो. त्याआधी एक माणूस सांगतो, कारण त्याच्याशिवाय उपचारांची नुसती जंत्री होईल. पाऊण तास आहे ना? पुरेल.

येताना बाहेर दुचाक्यांची रांग बघितली. प्रत्येक आरशाला हेल्मेट घातलेलं होतं. रस्त्यावरही मला हेच दिसतं. या गावात आरशाला आणि कोपराला इजा झालेला पेशंट मी तीस वर्षांत पाहिला नाही. (हशा) हसा, पण जाताना डोक्याला घाला.

तर माणसाचं नाव डोनाल्ड स्टाइन. हा सर्जन नव्हे, डॉक्टरही नव्हे, मानसशास्त्राचा माणूस. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाची पीएच.डी., मग बरीच वर्षं क्लार्क विद्यापीठात आणि १९९५ पासून अटलांटाच्या एमरी विद्यापीठात. मानसशास्त्रवाल्याचं मेंदूच्या जखमेत काय काम, असं तुम्हाला वाटेल. त्याचं काम उंदरांकडून करून घ्यायचं असतं. उंदराला वाट शिकवायची, मेंदूच्या ठराविक भागाला इजा करायची आणि तो सावरतो का ते बघत बसायचं. स्टाइनच्या ध्यानात आलं की इजा सारखीच असली तरी काही उंदीर चांगले सावरतात आणि काही तसेच राहतात. सावरणाऱ्यांत माद्या जास्त.

टाळ्या कुठल्या बाजूनं आल्या ते मी बघून ठेवलंय. थांबा, सगळ्या माद्या सावरत नव्हत्या. मादी उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, आणि त्यात मार नेमका केव्हा लागला यावर बरंच काही ठरत होतं. मग या मंडळींनी खोटे दिवस गेलेल्या माद्या घेतल्या. म्हणजे पोटात काही नाही, पण उंदीरमामीच्या शरीराची खात्री की आपल्याला दिवस गेलेत. अशा वेळी प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन भरपूर वाढलेला असतो. या मामींच्या मेंदूला मारानंतर सूज जवळजवळ आलीच नाही.

सुजेचं महत्त्व इथं पुन्हा सांगायला नको, तरी एका वाक्यात सांगतो. गुडघा सुजला तर विजार सैल करता येते, कवटी सैल होत नाही. एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रोनं १७८३ साली हे लिहून ठेवलंय: पेटी बंद आहे, आत एक गोष्ट वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते. रस्त्यावर जो मार लागतो तो पहिला. पुढच्या काही तासांत, दिवसांत सूज, घसरलेला रक्तदाब आणि कमी पडलेला ऑक्सिजन मिळून जो मारतात तो दुसरा. पहिल्यावर आमचा इलाज नाही. आमची सगळी धडपड दुसऱ्यासाठी.

स्टाइननं मग नरांनाही प्रोजेस्टेरॉन दिलं. सूज उतरली. हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. आता बघा, हे औषध कुठलं? स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कपाटातलं. गर्भ टिकावा म्हणून देतात ते. स्वस्त, जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं. उद्या मी कॅज्युअल्टीत ट्रकखाली आलेल्या मिशीवाल्या गड्याला हे लिहून दिलं, तर सिस्टर आधी माझाच रक्तदाब तपासतील. स्टाइनलाही बरीच वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. पण २००७ मध्ये अटलांटाच्या ग्रेडी हॉस्पिटलातल्या शंभर पेशंटांचा अभ्यास आला. महिन्याभरात दगावलेले, औषध मिळालेल्यांत शंभरी १३ आणि न मिळालेल्यांत ३०. पुढच्याच वर्षी चीनमधल्या हांगझोऊहून १५९ पेशंटांचा अहवाल आला, तोही अनुकूल. मी ते दोन्ही लेख पाकिटात घालून फिरत होतो. बायको म्हणाली, इतकी जपणूक आपल्या लग्नाच्या दाखल्याचीही केली नाहीत.

इथं जरा आडवाट घेतो. मी रेसिडेंट असताना डोक्याला मार लागलेला पेशंट आला की आम्ही स्टेरॉइड द्यायचो. का द्यायचो? आधीचे देत होते म्हणून. नातेवाईक विचारायचे, “डॉक्टर, सूज उतरायचं इंजेक्शन दिलं ना?” आणि मी छाती पुढं काढून सांगायचो, दिलं. मेंदूत गाठ असेल तर स्टेरॉइडनं भोवतालची सूज खरोखर उतरते, त्यामुळे शंकाही यायची नाही. मग लंडनच्या इयन रॉबर्ट्स आणि मंडळींनी ‘क्रॅश’ नावाची चाचणी काढली. वीस हजार पेशंट घ्यायचे ठरलं होतं, दहा हजारांवर थांबवावी लागली. २००४ मध्ये निकाल छापून आला: दोन आठवड्यांत दगावलेले, स्टेरॉइडवाल्यांत शंभरी २१, नुसतं सलाइनचं पाणी मिळालेल्यांत १८. शंभरात तीन माणसं जास्त. मी त्या रात्री रेसिडेन्सीतल्या नाइट ड्यूट्या मोजत बसलो होतो. आकडा काढला. तो इथं सांगत नाही.

म्हणून प्रोजेस्टेरॉन लिहायला मी उतावीळ झालो नाही. मोठ्या चाचण्यांची वाट पाहिली. त्या दोन झाल्या, आणि २०१४ च्या डिसेंबरात दोन्हींचे निकाल एकाच नियतकालिकात आले. अमेरिकेतली ८८२ पेशंटांची, ती पुढं नेण्यात अर्थ नाही म्हणून मध्येच थांबवलेली. दुसरी २१ देशांतली, ११९५ पेशंटांची. दुसरीत बरे म्हणावेत असे किती झाले? औषध घेतलेल्यांत शंभरी ५०.४, न घेतलेल्यांत ५०.५. दशांश बिंदूनंतरचा फरक तेवढा आपल्या वाट्याला.

स्टाइनच्या आयुष्याची पंचवीस वर्षं त्या दशांश बिंदूत गेली. लोक म्हणाले, औषध खोटं होतं. असेल. पण माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते सांगायलाच मी आज आलोय. पत्रिका काहीही म्हणो.

पुन्हा माझ्या रेसिडेन्सीतली गोष्ट. गाव आणि हॉस्पिटल सांगत नाही. चार नंबरच्या खाटेवर पेंटर, परांचीवरून पडलेला. पाच नंबरला कॉलेजचा पोरगा, मोटरसायकल. एकाच रात्री आले. दोघांच्या केसपेपरवर एकच ओळ: हेड इंज्युरी, ग्लासगो सहा. ग्लासगो म्हणजे स्कॉटलंडच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये दिलेली मोजणी. आजच्या रूपात डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा, एकूण पंधरा. आठ किंवा कमी म्हणजे गंभीर. कमीत कमी तीन. मेलेल्या माणसालाही तीन गुण मिळतात, इतकी उदार परीक्षा आमच्या वेळच्या बोर्डानंही घेतली नाही. (हशा)

पेंटरचं सीटी काढलं. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाच्या वर रक्त साठलेलं, भिंगासारखं फुगीर. सरांनी रातोरात कवटी उघडून रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी त्यानं चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणाला. पोराचं सीटी जवळजवळ स्वच्छ. काढण्यासारखं काही नाही. डोकं गरकन फिरल्यानं आत खोलवर मेंदूचे तंतू ठिकठिकाणी ताणलेले, तुटलेले. ते सीटीला दिसत नाहीत. तो उठला नाही.

त्याची आई खाटेशी बसलेली असायची. आमचं बोलणं ऐकून ऐकून तिला आकडे पाठ झाले होते. एक दिवस मला म्हणाली, “दादा, शेजारच्यालाबी सहाच होते न्हवं? मग त्यो कसा उठला?”

मी काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर केसपेपरवर नव्हतंच. पेंटरचे सहा होते एक अधिक एक अधिक चार: डोळे बंद, आवाज नाही, पण चिमटा काढला की हात मागे घ्यायचा. पोराचे सहा होते दोन अधिक दोन अधिक दोन: टोचल्यावर डोळे किलकिले, कण्हणं, आणि हातपाय ताठ बाहेर फेकणं, जे फार वाईट लक्षण. १९७४ च्या मूळ लेखात बेरीज नव्हतीच. ती नंतर आली, सोयीची म्हणून चिकटली. टीसडेल स्वतः सांगत राहिले की पेशंट समोर असेल तेव्हा तीन आकडे वेगवेगळे लिहा. पण आम्ही डोळे, जीभ आणि हातपाय यांची बेरीज करतो. माझी आजीसुद्धा हिशेबाच्या वहीत पायली आणि डझन एकत्र मांडत नसे.

आता उंदराकडे या. प्रयोगशाळेतला उंदीर एका जातीचा, एका वयाचा. कवटीला भोक पाडून मोजक्या वेगानं दट्ट्या मारलेला. दारू प्यालेला नाही, मधुमेह नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही, तीन हॉस्पिटलं फिरून आलेला नाही. उंदराला एकच आजार झालाय. आणि मोठ्या चाचणीत आपण काय केलं? पेंटर, पोरगा, न्हाणीघरात पडलेले आजोबा, सगळ्यांना गुणांची बेरीज बघून एका पिशवीत भरलं. सहा महिन्यांनी पुन्हा ग्लासगोच्याच, पण कोण कितपत सावरला हे मोजणाऱ्या आठ पायऱ्यांच्या शिडीवर उभं केलं आणि विचारलं, औषध लागू पडलं का? समजा, पोराला लागू पडलं असतं आणि आजोबांना बाधलं असतं; बेरीज शून्यच येणार. औषध, डोस आणि मोजमाप यांतल्या चुकांवर स्टाइननंही नंतर सविस्तर लिहिलं. उंदरांत चाललेली डझनावारी औषधं माणसांत पडली, ती सगळीच खोटी होती, हे मला पटत नाही.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) सात मिनिटं म्हणतायत. आणि पत्रिकेवरचे नवे उपचार अजून पत्रिकेवरच आहेत. पळतो आता.

कवटी उघडून हाडाचा तुकडा काढून ठेवायचा, म्हणजे सुजेला जागा मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींची २०११ ची चाचणी: कवटीतला दाब थोडाच आणि थोडाच वेळ वाढला असताना लवकर ऑपरेशन केलं. पेशंटांची गत उलट वाईट झाली. केंब्रिजची २०१६ ची: दाब २५ च्या वर तासभर तरी टिकलेला आणि बाकी उपाय थकलेले, तेव्हा केलं. मृत्यू शंभरी ४९ वरून २७ वर आले. मात्र वाचलेल्यांत शुद्धीवर न येणारेही वाढले. ऑपरेशन तेच, सुरीही तीच. फरक पडला तो ‘कुणाला आणि केव्हा’ याचा.

रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या शोसुके आणि उताको ओकामोटो या जोडप्याचं, १९६० च्या दशकातलं. उताकोबाईंवर खरं तर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन. ‘क्रॅश’वाल्यांनीच २०१९ मध्ये १२,७३७ पेशंटांवर निकाल दिला: सौम्य आणि मध्यम मार असेल आणि तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, जबर माराला फरक दिसला नाही. पुन्हा तेच, कुणाला आणि केव्हा. अंग थंड करण्याचे प्रयोग सोडून देतो. त्यांचं काही चांगलं सांगण्यासारखं नाही.

आणि ज्यासाठी मी एवढा फिरलो ते. २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मॅन्ली आणि अनेक देशांतले तज्ज्ञ यांनी ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त नवी मांडणी दिली. माराला सौम्य, मध्यम, गंभीर एवढंच म्हणून भागायचं नाही. चार खांब: ग्लासगोचे तीन वेगवेगळे आकडे आणि डोळ्यांच्या बाहुल्या, रक्तातली मेंदूची प्रथिनं, सीटी-एमआरआयमध्ये नेमकं काय दिसतं, आणि माणसाचं वय, आधीचे आजार, घरची परिस्थिती. रक्ताची ही तपासणी अमेरिकेत २०१८ पासून मंजूर आहे. तालुक्याच्या हॉस्पिटलात ती कधी येईल ते मला विचारू नका, तिथं अजून सीटीचा तंत्रज्ञ रजेवर असतो.

(दुसरी चिठ्ठी) हो, संपवतोच. या मांडणीत पेंटरच्या कागदावर पहिल्याच रात्री लिहिलं गेलं असतं: आवरणावर रक्तस्राव, हालचाल चार, बाहुल्या ठीक, लगेच ऑपरेशन. पोराच्या कागदावर: हालचाल दोन, सीटीला विशेष नाही, तंतूंच्या इजेचा संशय, एमआरआय करा. तिच्या पोराला द्यायला माझ्याकडे तेव्हाही औषध नव्हतं, आजही नाही. पण त्या बाईंना शेजारच्या खाटेकडे बोट दाखवून विचारावं लागलं नसतं.

प्रश्न असतील तर बाहेर चहाशी बोलू. साखर बेताची आहे, मी मघाशीच बघून आलोय.