कातकरी मावशीची डबी

नमस्कार श्रोतेहो. आज टीबीवर, आपल्या क्षयावर बोलायचंय. डॉ. अभय बंग यांच्या समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल 2018 साली आला. त्यात लाखामागे टीबीचे रुग्ण आदिवासींत 703 आणि इतरांत 256. पुन्हा सांगतो, 703 आणि 256. पावणेतीन पट! मध्य प्रदेशातल्या सहरिया आदिवासींत तर याहून जास्त. कारणं तुम्हाला ठाऊक आहेत: एका खोपीत सातजण, चुलीचा धूर आणि पोटात अर्धी भाकरी.

मी आरोग्य सेवक होतो तेव्हाची गोष्ट. कराडजवळ कृष्णाकाठी वीटभट्टी होती, भट्टीवर कातकऱ्यांची बिऱ्हाडं. एक मावशी महिनाभर खोकत होती. मी तिला बेडक्याची डबी दिली. म्हटलं, "सकाळी उठल्याबरोबर भरून ठेवा, मी न्यायला येतो." काय भरायचं, ते सांगायची लाज वाटली. नवीन होतो ना!

सकाळी गेलो तर मावशीनं हसत डबी पुढे केली. आत काठोकाठ मध! नवऱ्यानं रात्री वडावरचं मोहोळ उतरवलं होतं. म्हणाली, "सायेब, तू मागितलंस, नाय कसं म्हनू?" तसला मध पुन्हा चाखला नाही. हल्ली बाटलीतून मिळतो त्याला मी पाकच म्हणतो, असो.

मग दुसरी डबी दिली, आणि छातीतून खोकून बेडका कसा काढायचा ते स्वतः खोकून दाखवलं. सगळी भट्टी हसली. तपासणीत टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला थांबला. तेवढ्यात वळीव आला, भट्टी बंद झाली, खोपी उठल्या. मुकादमाला तीनदा चहा पाजला तेव्हा कळलं, मावशी जावळीत माहेरी गेलीय. शोधत गेलो. गोळ्या फडक्यात बांधून आढ्याला टांगलेल्या. "खोकला गेला की रं, मग कशाला?"

श्रोतेहो, खोकला जातो, जंतू जात नाहीत. साधा टीबी असला तरी औषध सहा महिने, पुरे सहा महिने. दोन आठवडे खोकला राहिला की बेडका तपासा. दोन आठवडे! तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट. भट्टी किंवा ऊसतोड बदलणार असाल तर निघण्याआधी तिथल्या दवाखान्यातल्या ताईंना सांगा, औषध नव्या गावच्या दवाखान्यातून मिळतं.

मावशीनं गोळ्या पुन्हा धरल्या, पुऱ्या केल्या. पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर भेटली. हातात तशीच डबी. मी जरा दचकलोच. म्हणाली, "भिऊ नगंस, मधच हाय."