पालकत्व घेतलेल्या मुलाच्या घरी जाताना

नमस्कार.

येत्या जून-जुलैमध्ये आपल्यापैकी काही कुटुंबं केनियाला निघाली आहेत. किसुमूच्या आसपासच्या खेड्यांमधल्या मुलांचं शैक्षणिक पालकत्व तुम्ही संस्थांमार्फत पैसे भरून काही वर्षं निभावताय आणि आता पहिल्यांदा त्यांना भेटणार आहात. मी जाऊन आले आहे, म्हणून तयारीबद्दल बोलायला मला बोलावलंय. बॅग कशी भरायची, इंजेक्शनं कोणती घ्यायची हे सांगेनच. पण माझा जास्त वेळ दुसऱ्या एका तयारीवर जाणार आहे. आपण त्या घरात पाऊल टाकलं की ते मूल आपल्या उपकारांखाली वाकू नये, यासाठी काय करायचं?

हा प्रश्न साताऱ्यात फोडून सांगावा लागत नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली या गावात वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, आपला स्वयंपाक आपण करायची, कामं करून शिकायची. पैशाची कायमची ओढाताण. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. तरी ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद सुटलं नाही. आज इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे वडील, आजोबा भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांमधून शिकले. दुसऱ्याच्या मदतीवर शिकणाऱ्या पोराच्या मनात काय चालतं, हे आपल्याच घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. गावात कोणी आठ दिवसांनी एकदा जेवू घातलं, ते त्यांना आठवतं. आणि जेवताना चारचौघांत कोणी त्याचा उच्चार केला, तेही आठवतं.

एक मूल, एक पालक आणि दोघांमधली पत्रं, ही पद्धत स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १९३७ साली रूढ होऊ लागली. आज प्लॅन इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाणारी संस्था तेव्हा बेघर मुलांसाठी उभी राहिली. दूरच्या माणसाला आकड्यापेक्षा एका चेहऱ्यासाठी पैसे द्यावेसे वाटतात, हे त्यांनी ओळखलं. त्यातून लाखो मुलांचं भलं झालं, हे मी मनापासून मानते. पण त्यातच एक ओझंही आलं. पैसे बहुतेक वेळा सगळ्या गावाच्या शाळेला, पाण्याला, दवाखान्याला जातात. आभाराचं पत्र मात्र एकटं मूल लिहितं. आपण भेटायला जातो तेव्हा ते पत्र प्रत्यक्ष उभं राहून वाचून दाखवण्याची पाळी त्याच्यावर येते. गाणं म्हणून दाखव, पाया पड, मार्क सांग. हे टाळायचं आहे.

आता कागदपत्रं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. अर्ज घरबसल्या होतो, पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दुसरं, संस्थेची परवानगी. परस्पर गावात जाऊन दार वाजवायचं नाही. बहुतेक संस्था कित्येक आठवडे आधी कळवायला सांगतात आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. मागच्या बैठकीत एक काका म्हणाले, ‘इतकी वर्षं पैसे भरतोय आणि आमच्यावरच संशय?’ काका, राग मानू नका. तुमच्या नातीच्या शाळेत परदेशातून कोणी अनोळखी माणूस आला आणि मला हिला भेटायचंय म्हणाला, तर तुम्ही काय काय विचाराल? तिथल्या आईलाही तेवढंच विचारायचा हक्क आहे. मुलाला एकटं कुठे न्यायचं नाही, हॉटेलवर बोलवायचं नाही, संस्थेचा माणूस कायम सोबत असेल. हे नियम मला फार आवडतात. जी संस्था असं काहीच विचारत नाही, तिच्याबद्दल मी सावध राहीन.

तब्येतीचं नीट ऐका. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस अधिकृत केंद्रावरच मिळते, पुण्या-मुंबईला जावं लागेल. टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. पीतज्वराच्या देशातून दाखल्याशिवाय परत आलात तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. लस जिवंत विषाणूंची आहे, म्हणून साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे आणि त्या भागात मलेरिया बारमाही असतो. गोळ्या निघण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. घरी आलो, आता कशाला, असं म्हणून मध्येच सोडू नका.

जून-जुलैच का, असं पेरणीवाल्यांनी विचारलं होतं. तेव्हा तिथे शाळेचं दुसरं सत्र चालू असतं आणि मोठा पाऊस संपलेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर शाळेला कुलूप दिसेल. मुलाचा रोजचा दिवस पाहायचा असेल तर शाळा सुरू असतानाच जायला हवं.

बॅगेकडे येते. आपल्याकडे सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची सवय आहे, चिवडा एका पिशवीत, चपला दुसऱ्या पिशवीत. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या शिवून घ्या. कंदी पेढे नेऊ नका, दुधाचा पदार्थ आहे, टिकणार नाही.

भेटवस्तूंवरून माझ्याकडे सगळ्यात जास्त फोन आलेत. टॅब देऊ का, सायकल देऊ का, सोन्याची बाळी चालेल का? माझं उत्तर साफ आहे. एकाच मुलाला महागाची वस्तू देऊन तुम्ही निघून याल, आणि त्या वस्तूसह त्याला भावंडांत, चुलत भावंडांत, वर्गात राहावं लागेल. ती वस्तू सांभाळणं हेच त्याचं काम होऊन बसेल. त्यापेक्षा फुटबॉल आणि हवा भरायचा पंप द्या, तोही किसुमूच्या बाजारातून घ्या, म्हणजे पैसा तिथल्या दुकानदाराकडे जाईल. शाळेला काय हवं ते मुख्याध्यापकांना आधी विचारा. हातात रोख रक्कम कोणालाही द्यायची नाही, आईलाही नाही. शेजारच्या घरातलं मूल योजनेत नसतं, आणि नोटा दिसल्या की दोन घरांत वितुष्ट येतं.

नेण्यासारखं एक आहे: तुमच्या घराचे छापलेले फोटो. गोठा, अंगण, स्वयंपाकघर, अजिंक्यतारा, कासची फुलं, भात लावणारी माणसं. इतकी वर्षं आपण त्यांचे फोटो पाहिलेत, त्यांनी आपलं काहीच पाहिलेलं नाही. माझ्या भेटीत त्या घरातली आजी एका फोटोवर कितीतरी वेळ थांबली. जावळीतल्या नाचणीच्या शेताचा फोटो होता. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. तिकडे तिला विंबी म्हणतात आणि तिच्या पिठाची पातळ लापशी, उजी, रोज होते. आपली आंबीलच म्हणा. आजीने दुभाष्याला विचारलं, ‘हे लोक कापणी हाताने करतात का?’ मग अर्धा तास आम्ही कणसं, पाखरं आणि कोठी याच विषयावर बोललो, आणि मी जिचं पालकत्व घेतलंय ती मुलगी पहिल्यांदा आमच्यामध्ये येऊन बसली. तोवर दाराआड उभी होती. पोरांना आपल्याकडे ओढायचा प्रयत्न करू नका. मोठ्यांशी बोला, ती आपोआप जवळ येतात. मूल गप्प राहिलं तर गप्प राहू द्या. किती टक्के पडले आणि मोठेपणी कोण होणार, हे आपले दोन लाडके प्रश्न सातारला ठेवून जा. मी जन्मभर शिक्षिका होते, म्हणून अधिकाराने सांगते, या प्रश्नांना खरं उत्तर कुठलंच मूल देत नाही.

जेवणाचं. तिथे पाहुण्याला कोंबडी करतात, आणि त्यासाठी उसनवारीही होते. शाकाहारी असाल तर संस्थेला आठवडाभर आधी कळवा. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी किंवा घेवडा. ताटात चपाती आली तर समजा, त्या माउलीने सणाचा स्वयंपाक केलाय. तिकडे गव्हाची चपाती रोजची नसते. पोटभर खा. ‘आमच्याकडे याहून पातळ करतात’ वगैरे बोलू नका. त्या दिवशी यजमानीण ती आहे, तिचा मान तिला घेऊ द्या.

तिकडच्या लोकांना भारतीय माणूस नवा नाही, हेही माहीत असू द्या. मोंबासा ते किसुमू रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये झाली, त्यासाठी तीस हजारांहून जास्त मजूर इथून नेले होते, मुख्यतः पंजाबातून. अडीच हजारांच्या आसपास मेले. पुढे गुजराती, पंजाबी दुकानदार तिथे स्थिरावले. २०१७ साली सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. त्यामुळे तिथल्या बहुतेकांनी भारतीय पाहिलाय तो दुकानात गल्ल्यामागे बसलेला. आपण चटईवर त्यांच्याशेजारी बसलो तर त्यांना अवघडल्यासारखं होईल, खुर्ची पुढे करतील. एकदा नम्रपणे नको म्हणा. फारच आग्रह झाला तर बसा, घरच्यांचा अपमान करू नका.

फोटो आईला विचारून काढा. मुलाचं नाव, शाळा आणि गाव एकत्र दिसेल असा फोटो कुठेही टाकायचा नाही, आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरसुद्धा नाही. तो पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

सगळ्यात कठीण गोष्ट निघताना होते. गळा दाटून येतो आणि तोंडातून जातं, ‘पुढच्या वर्षी परत येईन’, ‘बारावीनंतर तुला पुण्याला शिकायला आणते’. हे बोलायचं नाही. तुम्ही विसराल, ते मूल विसरणार नाही, आणि पुढची वाटचाल ते त्या वाक्यावर आखेल. ‘पत्र पाठवीन’ एवढं म्हणा, कारण तेवढं नक्की करता येतं.

आणि ते पत्र परतल्यावर पंधरा दिवसांत टाका. प्रवास कसा झाला ते चार ओळींत पुरे. बाकीच्या पत्रात तिथल्या माणसांची चौकशी करा: आजीचे गुडघे कसे आहेत, शेळी व्यायली का, शाळेच्या पाण्याच्या टाकीचं काम कुठवर आलं. मूल मोठं होऊन योजनेतून बाहेर पडेपर्यंत अशीच पत्रं लिहीत राहा. आता लसीबद्दल कोणाला विचारायचं असेल तर विचारा, आपले डॉक्टर पुढच्या रांगेत बसले आहेत.